कोच ट्रॅमेलची खुर्ची

१३ जानेवारी, मंगळवार

कोच ट्रॅमेल गेले. आमच्या कोल्टर स्टेट कॉलेजची फुटबॉल टीम सोडून ग्रॅहम टेक कॉलेजला. नऊ वर्षं दर तीन आठवड्यांनी माझ्या खुर्चीत बसणारा माणूस, आणि मला बातमी कळली रेडिओवरून, तीही मेहुण्यासमोर. ड्वेन म्हणाला, भाऊजी, निदान तुम्हाला तरी सांगायला हवं होतं त्यांनी. मी म्हटलं, मला माहीत होतं, पण गिऱ्हाइकाच्या खासगी गोष्टी मी बाहेर बोलत नाही.

माहीत नव्हतं. पण अंदाज आला होता. गेल्या खेपेला निघताना त्यांनी माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला होता. तेव्हा मी सुटे पैसे परत देत होतो, ते सोडा.

त्यांच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. डावा तर महाहट्टी. अख्ख्या अलाबामात त्या भोवऱ्याला फक्त माझी कात्री वळण लावू शकते. शिवाय माझे सल्ले. चौथ्या प्रयत्नाला चेंडू लाथाडून समोरच्या टीमला देऊन टाकू नका, तो घेऊन पळा, हे मी त्यांना नऊ वर्षं सांगत आलो. ते डोळे मिटून, एकाग्र होऊन ऐकायचे. एका वर्षी ते खरंच पळाले आणि आम्ही जिंकलो. ग्रॅहममध्ये असं कोण सांगणार त्यांना? येतील परत.

खुर्चीवर पांढरी चादर घातली. धूळ नको, आणि दुसऱ्या कोणी बसायलाही नको.

१६ जानेवारी, शुक्रवार

नवा कोच जाहीर झाला. पिंक्नी नावाचा. पेपरात फोटो पाहिला. टकला. कल्लेसुद्धा नाहीत. कोल्टर स्टेटला साऱ्या देशात केस असलेला एक माणूस मिळू नये?

संकल्प: पिंक्नीला हाकलेपर्यंत केस कापायचे नाहीत. दाढीही नाही. माझे केस ड्वेनच कापतो, म्हणून त्याला लगेच सांगून टाकलं. तो म्हणाला, भाऊजी, आपण न्हावी आहोत. मी म्हटलं, म्हणूनच. ऑक्टोबरात हाकलतील. तेवढे दिवस काढायला काय लागतं.

९ एप्रिल, गुरुवार

ट्रॅमेलना तिसरं पत्र टाकलं. पहिल्या दोन्हींचं उत्तर नाही. कामात असतील.

दुकानात वाद फार वाढले. म्हणून पाटी लावली: इथे नव्या कोचचं नाव काढायचं नाही. युबँक्सने, म्हणजे तो रिटायर्ड पोस्टमन, पाटी मोठ्याने वाचली आणि पाऊण तास पिंक्नीचं कौतुक केलं, एकदाही नाव न घेता. माणूस वक्तशीर आहे म्हणे, पोरांची नावं लक्षात ठेवतो म्हणे. मी म्हटलं, ट्रॅमेल माझ्या बायकोचंही नाव लक्षात ठेवायचे. लुरीन मागे हिशेबाचं काम करत होती. ती तिथूनच म्हणाली, मला ते नऊ वर्षं लॉरेन म्हणत होते.

उद्यापासून वाद न घालण्याचा संकल्प.

५ सप्टेंबर, शनिवार

पहिली मॅच. आमची खेचरं, टीमचं नावच ते, ३४–३ ने जिंकली. युबँक्स स्टेडियमबाहेर उकडलेल्या शेंगा वाटत सुटला होता. मला मूठभर देऊन म्हणाला, घ्या मोझेस, आता समुद्र दुभंगा. माझी दाढी बघून, बायबलातल्या दाढीवाल्या मोझेसवरून.

ही पोरं ट्रॅमेलनी निवडलेली आहेत. स्वयंपाक त्यांनी केला, पिंक्नीने नुसतं वाढलं. हे मी युबँक्सला समजावून सांगितलं, पुन्हा सांगितलं. वाद नव्हता तो. माहिती होती.

२६ सप्टेंबर, शनिवार

चारपैकी चार. समोरच्या टीम कच्च्या होत्या.

एक नवीन गिऱ्हाईक दारातून आत आलं आणि माझ्याकडे बघून ड्वेनसाठी थांबलं. पुढे चार जण असूनही थांबलं. लुरीन म्हणाली, निदान केस बांध तरी. तिचं पिवळं रबरबँड लावलं. कानावरून खाली येणारे केस कात्रीच्या मध्ये येतात. परवा गिऱ्हाइकाचे समजून माझेच कापले. चुकून, त्यामुळे संकल्प मोडलेला नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार

हरलो. हरलो.

लिहायला लाज वाटते, पण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. शेवटच्या मिनिटाला आमच्या पोराच्या हातून चेंडू निसटला. सगळं स्टेडियम डोक्याला हात लावून बसलं आणि मी हसलो. बापाच्या खांद्यावर बसून पहिली मॅच पाहिली तेव्हापासून आजवर खेचरं हरल्यावर मी रडलेलो आहे, रागावलेलो आहे, जेवलेलो नाही. हसलो कधीच नव्हतो. लुरीनने पाहिलं. घरी येताना गाडी तिनेच चालवली.

फार वाईट वाटलं. पण पिंक्नी आता जाणार, हेही खरं.

२० ऑक्टोबर, मंगळवार

कॉलेजने पिंक्नीचा करार सहा वर्षांनी वाढवला.

केस महिन्याला अर्धा इंच वाढतात. सहा वर्षांत तीन फूट. म्हणजे कमरेच्या खाली. हे गणित ड्वेनने केलं. मी विचारलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

आता खरी गोष्ट. शनिवारी ग्रॅहम टेकची मॅच आपल्याकडे आहे. ट्रॅमेल उद्या गावात येणार. पत्राने कळवून ठेवलंय की खुर्ची तयार आहे, वेळ तुमची. उत्तर नाही, पण नको म्हणालेले नाहीत.

सगळं व्यवस्थित लावलं. चादर धुऊन, इस्त्री करून परत घातली. ते आले की त्यांच्यासमोरच ओढून काढायची. खुर्चीच्या वर आमच्या दोघांचा फोटो, त्याला छोटा दिवा. लुरीनने शेजारच्या टेबलावर पांढरी शेवंती ठेवली. दुकानाला वास मारतो म्हणाली.

युबँक्स आज म्हणाला, ट्रॅमेल येणार नाही, त्याला तू आठवतही नसशील. मी फोटोवरचा दिवा लावून बघितला. पण उद्या ते या दारातून आत आले आणि मला माझ्या नावाने हॉलिस म्हणाले, की मग गावाला काय म्हणायचंय ते म्हणू दे. मला एवढंच हवंय. खेचरं हरली काय, जिंकली काय.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळ

आले होते.

दुपारी तीनच्या सुमाराला. मी झाडू मारत होतो. सकाळपासून दाराकडे बघून मान अवघडली होती, आणि नेमका तेव्हाच पाठमोरा होतो. ड्वेन म्हणाला, या कोच. मी वळलो. त्यांनी माझ्याकडे बघून जराशी मान हलवली, झाडणाऱ्याकडे बघून हलवतात तशी. दहा महिन्यांची दाढी, पिवळं रबरबँड, हातात झाडू. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष खुर्चीकडे गेलं.

चादर. फोटो. दिवा. शेवंती.

त्यांनी टोपी काढली. खाली मान घालून थोडा वेळ उभे राहिले. मग हळूच ड्वेनला विचारलं, कधी गेला?

ड्वेनने माझ्याकडे पाहिलं. चांगलं पाच-सात सेकंद पाहत होता. त्याने मला संधी दिली, हे मी मान्य करतो. नुसतं अहो, मी इथेच आहे, एवढं म्हणायचं होतं. पण त्यांचा चेहरा इतका पडला होता, आणि माझ्यासाठी पडला होता. आता बोललो तर तो चेहरा जाईल आणि सगळे हसतील, असं वाटलं. मी पुन्हा झाडायला लागलो. शेवटी ड्वेन म्हणाला, जानेवारीत.

मग ते ड्वेनच्या खुर्चीत बसले. मी झाडत राहिलो. जिथे झाडून झालं होतं तिथेही झाडलं.

ते म्हणाले, भला माणूस होता. बोलायचा फार. काय बोलायचा ते देवाला माहीत, मला तर बसल्याबरोबर झोप लागायची. तुझी बहीण ना लॉरेन? तिला सांग, त्या नऊ वर्षांत मला खरी विश्रांती म्हणून मिळाली ती तेवढीच, दर तीन आठवड्यांनी वीस मिनिटं.

डोळे मिटून.

ड्वेनला नऊ मिनिटं लागली. डावा भोवरा बसला. अगदी नीट बसला. जाताना ते शेवंतीपाशी पुन्हा थांबले आणि मला म्हणाले, चांगलं ठेवलंय तुम्ही सगळं. मी म्हटलं, थँक यू सर. नऊ वर्षांत मी त्यांना कधी सर म्हटलं नव्हतं.

त्यांचे केस झाडून भरले. ओळखलं असेल त्यांनी. मॅचच्या आदल्या दिवशी समोरच्या गावच्या माणसाशी ओळख दाखवणं बरं दिसत नाही, म्हणून बोलले नसतील. मोठ्या लोकांना हे सगळं बघावं लागतं.

नाही ओळखलं.

१४ नोव्हेंबर, शनिवार

पिंक्नीने ट्रॅमेलना पाणी पाजलं. २७–९. चौथ्या प्रयत्नाला ट्रॅमेलनी पाचही वेळा चेंडू लाथाडून दिला. मला कोणाहीसाठी टाळी वाजवता आली नाही. पहिल्यांदाच मी निम्म्यातून घरी आलो, उरलेली मॅच रेडिओवर ऐकली. लुरीनने बिस्किटं, आमच्याकडची मऊ, पावासारखी, आणि ग्रेव्ही गरम करून पुढे ठेवली.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

दुकान उघडायच्या आधी चादर काढली. घडी करून लुरीनला दिली. शेवंती वाळली होती.

संकल्प मोडला असं मी म्हणणार नाही. गेलेल्या माणसाला संकल्प लागू होत नाही.

ड्वेनला म्हटलं, कर सुरुवात. तो म्हणाला, कोणत्या खुर्चीत? मी ट्रॅमेलच्या खुर्चीत बसलो. आजवर मी तिच्यात कधी बसलो नव्हतो. गादी चांगली आहे, मान बरोबर टेकते. रबरबँड त्याने स्वतः सोडवलं. मग तो काहीतरी सांगायला लागला, बहुतेक पिंक्नीबद्दल, पोरांची नावं वगैरे. मी उत्तर द्यायचं ठरवलं होतं. चांगलं उत्तर होतं.

त्याने अंगावरचं कापड झटकलं तेव्हा जाग आली. वीस मिनिटं झाली होती.

आरशात पूर्वी होतो तसा दिसलो. गुळगुळीत दाढी, बाजूला भांग. या माणसाला कोच ट्रॅमेलनी नक्की ओळखलं असतं. पण त्यांची बस शनिवारीच गेली.