तोल गेला नव्हता

कर्वेनगर, पुणे
११ फेब्रुवारी २०२५

ती. प्रेमलाताईंना गोपाळकृष्णचा नमस्कार.

इकडे माझे बरे चालले आहे. थंडी ओसरली. खिडकीच्या जाळीत कबुतरांनी पुन्हा घरटे केले आहे. काढायचे म्हणतो आणि राहून जाते. डबा लावला आहे, भाजी तिखट असते, पण पोट भरते.

पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिले आहे. सुनेकडून वाचून घेऊ नका, स्वतः वाचा. अक्षरे हलू लागली की नजर उचला, थोडे थांबा आणि पुन्हा वाचा. तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून लिहितो आहे. तक्रार नाही. कुमुदच्या वर्षश्राद्धाला तुम्ही आला नाहीत, त्याचीही नाही. सख्खी धाकटी बहीण गेल्यावर माणसाला काय सोसवेल आणि काय नाही, हे दुसऱ्याने ठरवू नये.

रुपालीने खराडीहून, ऑफिसातून फोन केला होता. म्हणाली, "काका, आईंना कुमुदमावशींसारखंच झालंय." एका कानाच्या आतल्या नसेला सूज, घर गरगर फिरते, उलट्या. डॉक्टरांनी सुरुवातीला गोळ्या दिल्या आणि नंतर उठा, चाला म्हणून सांगितले. उलट्या कधीच थांबल्या, पण तुम्ही पलंग सोडलेला नाही. पडदे ओढलेले, डोक्याला रुमाल, जेवण पलंगावर. तिने आग्रह केला तर म्हणालात, "कुमुद उठली आणि गेली. मला नाही उठायचं."

हे ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही.

कुमुदच्या आजारात डॉ. मिसबा यांनी आम्हा दोघांना नीट समजावले होते. तुम्ही तेव्हा नव्हतात, म्हणून लिहितो. आपण स्थिर बसलो तरी दोन्ही कानांकडून मेंदूला सतत खबर जात असते. मेंदूच्या बुडाशी काही पेशी असतात, त्या दोन्हीकडची खबर ताडून पाहतात आणि आपल्याला सरळ उभे ठेवतात. एका कानाची नस बिघडली की त्या बाजूच्या पेशी गप्प होतात, दुसऱ्या बाजूच्या बोलतच राहतात. मेंदूची समजूत होते की डोके फिरते आहे. मी जन्म टेलिफोन खात्यात काढला, त्यामुळे एक लाइन बंद पडली एवढे मला कळले. पुढचे मला नवीन होते. त्या गप्प झालेल्या पेशी काही दिवसांनी, नस बरी झाली नाही तरी, आपणहून पुन्हा बोलू लागतात. पण बोललेले जुळून यायचे तर माणसाने हलले पाहिजे. डॉक्टर म्हणाल्या, "चूक दिसली तरच मेंदू ती सुधारतो. पडून राहिलात तर त्याला चूक दिसणार कशी? आणि या गोळ्या चक्कर दाबतात तसा मेंदूचा अभ्यासही दाबतात. थोडे दिवसच घ्या."

म्हणून तो सराव. अंगठा समोर धरायचा, नजर त्यावर ठेवायची आणि मान डावी-उजवीकडे हलवायची. कुमुद म्हणायची, "आयुष्यभर तुम्हाला हो म्हणत आले. आता डॉक्टरांनीच नाही म्हणायचा सराव लावलाय." तिला मळमळायचे, घाम फुटायचा. तरी हळूहळू ती भिंत सोडून स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागली. एकदा चहा करून आणला, निम्मा बशीत सांडलेला. "प्या. बशीतलाही माझ्याच हातचा आहे," म्हणाली.

त्याच सुमारास तुम्ही आलात. मान हलवताना तिला उलटी झाली, तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "कवायत काय घेताय तिची? पोलिसात भरती करायचीय?" मी फरशी पुसत राहिलो. तुम्ही तिला हडपसरला घेऊन गेलात.

तिथे तुम्ही तिचे काही करायचे बाकी ठेवले नाहीत. वेणी घालत होतात, भरवत होतात, कानात कोमट तेल घालत होतात. गोळी एकदाही चुकू दिली नाहीत. पोटरी दुखते म्हणाली तर पाय चेपत बसायचात. मला फोनवर म्हणायची, "ताई मला उठूच देत नाही हो. माहेरपण चाललंय माझं." ती आनंदात होती. हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही, ती खरेच आनंदात होती. आजाऱ्याला पडून राहा म्हणणे हीच आपल्याकडची माया. माझ्या आईनेही तेच केले असते.

ती बाथरूमच्या दारात पडली. इस्पितळाच्या पायरीवर तुम्ही मला विचारलेत, "काय झालं हो तिला?" मी म्हणालो, "तोल गेला." नातेवाइकांना पाठवलेल्या निरोपातही तेच घातले. मग तुम्ही सर्वांदेखत म्हणालात की, उठायची खोड मी लावली, माझ्या व्यायामाने ती गेली. मी ऐकून घेतले. मला ते सोपे वाटले.

ताई, तिचा तोल गेला नव्हता. तुम्ही बाहेर होतात तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितले. पडून पडून पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती सुटून फुप्फुसात गेली. आधी श्वास थांबला, मग ती पडली.

यापुढचे वाक्य मी लिहून खोडले. तुमच्या मनात ते आले असेलच. तुम्हाला हे माहीत नव्हते. तिला तुमच्याबरोबर पाठवताना मलाही नव्हते. रुपालीला मी अजून सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. तुम्हालाही कधी सांगणार नव्हतो. तुम्ही जन्मभर माझा राग केला असतात तरी मला चालले असते. राग धरूनही माणूस जेवतो, फिरतो, चार लोकांत बसतो. पण माझे ते दोन शब्द खरे धरून तुम्ही तिच्यासारख्याच पडून राहिलात, हे मला चालणार नाही.

गुरुवारी सकाळी मी हडपसरला येतो आहे. डॉ. मिसबांची वेळ घेतली आहे, रिक्षा खाली थांबवून ठेवतो. घंटा वाजली की दार तुम्ही उघडा. रुपालीला मी तसे सांगितले आहे, ती जवळ असेल पण दाराकडे येणार नाही. भिंत धरा, खुर्ची धरा, मध्येच बसावेसे वाटले तर बसा. घर फिरेल. फिरू द्या. मी दुसऱ्यांदा घंटा वाजवणार नाही. बाहेर उभा राहीन.

दार उघडून माझे तोंड बघितल्यावर पुन्हा लावून घ्यावेसे वाटले तर खुशाल लावा. तेवढ्यासाठी तरी उठलेल्या असाल.

तुमच्या कुमुदचा,
गोपाळकृष्ण