छुनओक मावशीचं नाव

सोल, ४ एप्रिल १९७९

ती. मावशीस हेरानचा वाकून नमस्कार. वि. वि.

मुळ्याची किमची पोचली. मैत्रिणींनी फस्त केली, मला रस्सा उरला.

स्पर्धेत मी तुझंच साल्पुरी, ते पांढऱ्या शेल्याचं नृत्य, नाचणार. आमच्या नृत्यमंडळाच्या बाई म्हणतात, नुसती उभी काय राहतेस, गिरक्या घे. शिवाय निवेदनात गुरू म्हणून तुझं नाव नको. कलावंतिणींच्या शाळेतली बाई परीक्षकांना चालणार नाही. बाबांचंही तेच. पण तुझं नाव घेतल्याशिवाय मी नाचणार नाही.

तुझी माया आहेच, रागवायचं तर रागाव.
तुझी हेरान

जोनजू, ११ एप्रिल

चि. हेरान हिस अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, नावाचं काय घेऊन बसलीस? तुझे वडील मला दारात उभं करत नाहीत, ते खुपतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्यापायी तुझं नुकसान नको. नाव गाळ. गिरक्या घेतल्यास तर मात्र तंगडं मोडीन! श्वास खांद्यात येऊ दे, हात आपोआप उठतो. शेला खाली टाकलास की घाई नको. अंग थांबलं तरी आतला नाच चालू हवा.

वेळेवर जेवत जा.
मावशी

सोल, २२ एप्रिल

ती. मावशीस उड्या मारत नमस्कार.

पहिली आले! भीतीने शेला वेळेआधीच हातातून सुटला. मी तशीच थांबले. म्हाताऱ्या ढोलवाल्यानेही हात आवरला. मग श्वास भरला, खांदा उठला, गुडघ्यावर बसून मी शेला उचलला, तोच मागच्या रांगेतून कोणीतरी ‘जोत्ता!’ अशी दाद दिली. मावशी, ते बाबा होते!

बाईंनी तुझं नाव गाळलंच होतं. बक्षीस देताना परीक्षकांनी विचारलं, हा नाच कोणाचा. मी माईक ओढून सांगितलं, जोनजूच्या कलावंतीण पे छुनओक यांचा, माझ्या सख्ख्या मावशीचा. सगळ्यांत वयस्क परीक्षक उठून उभे राहिले, मग अख्खं सभागृह.

बाबा शनिवारच्या बसने तुला आणायला येताहेत. फार ताणू नकोस.
तुझी लाडकी हेरान

जोनजू, २९ एप्रिल

चि. हेरान हिस पोटभर आशीर्वाद.

भावोजी आले. अंगणात, शेजाऱ्यांदेखत, जमिनीला कपाळ टेकवून त्यांनी मला नमस्कार केला. मी ताणणार होते गं, पण रडूच फुटलं. त्यांनाही. शुक्रवारी निघू; तोवर ते न सांगता माझी कौलं शाकारताहेत, निम्मी वाकडी.

तुझी गुरू,
पे छुनओक