ताटावरची प्रार्थना

प्रिय आई,

माझ्या तोंडात घास होता आणि बाबांचे हात जोडलेले होते. मी चावायची थांबले. ते वाट पाहत होते. कोणाची, ते कळायला मला वेळ लागला.

तुला पुरून आज चौथा दिवस. चार दिवस बाबांनी चहाशिवाय काही घेतलेलं नाही. शुगरची गोळी मात्र घेतात. परवा अंगणात तोल जाऊन खाली बसले. डॉक्टर म्हणाले, गोळी घ्यायची तर जेवलंच पाहिजे. मला वाटलं, दुःखाने जेवत नाहीत. दुःख आहेच. पण अडलं होतं भलतीकडेच. आज दुपारी कळलं, म्हणून लिहिते आहे. दुसऱ्या कोणाला सांगू?

बेचाळीस वर्षं या घरात ताटावर तूच प्रार्थना केलीस. दुसऱ्या कोणाला करू दिलीस का कधी? बाबा शिलाईच्या दुकानातून दुपारी यायचे, हात धुऊन बसायचे. तू डोळे मिटून सुरू करायचीस. पाऊसपाणी, बाबांचं दुकान, शेजारच्या शेवंतामावशीचे गुडघे, तिच्या सुनेचं बाळंतपण, माझी परीक्षा, मग माझी नोकरी. भाजी गार व्हायची. बाबा एक डोळा उघडून म्हणायचे, "आटप वं, देवाले बी जेवाचं असन."

तू हसायची नाहीस. शेवटापर्यंत जायचीस आणि मग आम्ही आमेन म्हणायचो. तेवढंच आमचं काम! डोणगावात ख्रिस्ती घर आपलं एकच, आणि त्या घरातही विश्वास तू एकटीनेच सांभाळलास. ही तक्रार आहे, आई.

"जेवा ना, बाबा," मी म्हटलं.

"तू कर."

"काय?"

"प्रार्थना. तुले येते न. तुही माय सांगे मले, पोरगी तिकडं रोज करते म्हणून."

संध्याकाळी तुझा फोन यायचा. जेवलीस? प्रार्थना केलीस? मी दोन्हीला मिळून एकच हो म्हणायचे. पुण्याला गेल्यापासून तेरा वर्षांत मी एकदाही हात जोडले नाहीत. तू दुखावशील म्हणून खोटं बोलते, अशी मी माझी समजूत घालायचे. खरं तर मला फोन लवकर ठेवायचा असायचा.

खरं सांगितलं असतं तर काय केलं असतंस? रागावली असतीस? विचारायचं राहिलं.

मी घास गिळला आणि डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या," म्हटलं. पुढे काही सुचेना. तुझी यादीच आठवली, तीच म्हणत गेले. दुकान म्हटलं, गुडघे म्हटले. माझ्या नावापाशी आले आणि थांबले. स्वतःचं नाव मला घेता येईना.

डोळे उघडले. बाबांचे अजून मिटलेलेच होते.

"बाबा, मी करत नाही प्रार्थना. आईला खोटं सांगत होते."

त्यांनी डोळे उघडले, जोडलेले हात सोडले. "मंग मले काऊन सांगतलं तिनं?" एवढंच म्हणाले आणि ताटावर ताट झाकलं.

शेवंतामावशी भाजीचा डबा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "भाऊ," ती म्हणाली, "मले बुद्धवंदना येते. तेच म्हणू का? पण भाकर खा."

"तिले चालन का ते?"

"उपाशी मेलेला नवरा तं नाईच चालणार तिले!"

बाबांच्या ओठांचा कोपरा हलला. मावशी डबा ठेवून गेली. ताट झाकलेलंच राहिलं.

मला रडू आलेलं नाही. तालुक्याच्या कबरस्तानात मूठभर माती टाकली तेव्हाही आलं नाही. ढेकळं होती, पेटीवर वाजली. चर्चच्या पाळकांनी तुला विश्वासू पत्नी आणि प्रेमळ माता म्हटलं. मी पायातल्या चपलेचा तुटलेला अंगठा पाहत होते. सगळे आमेन म्हणाले. बाबांनी म्हटलं की नाही, माझं लक्ष नव्हतं.

तुला एक वचन देते. जे मी मानत नाही, ते त्यांच्या ताटावर म्हणणार नाही. तेरा वर्षं पुरे झाली. पण ते पहिला घास घेईपर्यंत मीही जेवणार नाही. रजा वाढवून घेतली आहे. समोर बसून राहीन.

तुझी,
सुवार्ता

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. बाबांनी हात जोडले. मग मोठ्याने म्हणाले, "देवा, भाकर आली. खातो." अर्धी भाकरी खाल्ली, गोळी घेतली. त्यांच्यानंतर मी जेवले.