सर्व्हर उठत नाही

बुधवार, १७ सप्टेंबर

उठत नाही म्हणजे नाहीच! सकाळी वीजवाल्यांनी अर्धा तास लाईट बंद ठेवली. तेव्हापासून हॉस्पिटलचा नवा डेटाबेस सर्व्हर सुरूच होईना. चालू करा — दोन सेकंद हलतो, की पुन्हा थंड. डायलिसिसच्या सगळ्या पेशंटांच्या पाळ्या त्यात आहेत. सिस्टर कागदावर याद्या करत बसल्यात, आणि माझ्याकडे अशा बघतात जणू वायर मीच कुरतडली.

हा सर्व्हर तात्याने ऑगस्टात एकट्याने बसवला. तो असता तर चहा गार व्हायच्या आत उठवला असता. अकरा दिवस झाले त्याला जाऊन. शनिवारी, घरीच, हृदय बंद पडलं. वयाने माझ्याएवढाच, नुसती दाढी पांढरी म्हणून तात्या. नऊ वर्षं एका खोलीत पाठीला पाठ लावून बसलो आम्ही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

डिस्कवर जागा आहे. पोर्ट मोकळा आहे. फोल्डरचे हक्क तपासले, तेही ठीक. शेवटी सगळं काढून टाकलं आणि तात्याने तयार करून ठेवलेल्या फाईलवरून नव्याने इन्स्टॉल केलं. जैसे थे! नशीब, डेटा वेगळ्या डिस्कवर आहे.

दुपारी वहिनींचा फोन. तात्या गेल्यापासून पहिल्यांदाच. "छातीत दुखतंय म्हणायचे. मी रोज मागे लागायचे, डॉक्टरांना दाखवून या. तर म्हणायचे, रजा मागितलीय, साहेब देत नाही. का नाही दिलीत हो?"

साहेब म्हणजे मी. अहो, त्याने मागितलीच नव्हती! एकदाही नाही! पण गेलेल्या माणसाला त्याच्या बायकोसमोर खोटं कसं पाडू? "बघतो, वहिनी," म्हणालो. काय बघणार, कप्पाळ!

शुक्रवार, १९ सप्टेंबर

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नीट आठवून बघ. कामात असलास की तू कुणाचं ऐकतोस कुठे?" तेव्हापासून आठवतोय. जेवण गेलं नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

सापडलं. आज सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याने स्वतःच केलेल्या नोंदी, पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचला. सर्व्हर तात्याच्या स्वतःच्या लॉगिनवर चालत होता! ऑगस्टात म्हणाला होता, "सर्व्हरसाठी वेगळं खातं काढून दे रे, तोवर माझ्या नावावर चालवतो." मी म्हणालो, उद्या. ते उद्या राहूनच गेलं. आणि या सोमवारी ऑफिसचा कागद आला — मयत कर्मचाऱ्याचे लॉगिन बंद करावे. केलं कुणी? मीच! सर्व्हर आधीच चालू होता तोवर चालला. लाईट जाऊन आल्यावर बंद लॉगिनवर त्याला आत कोण घेणार? माझ्या नव्या इन्स्टॉलमध्येही त्याच्या फाईलमधून त्याचंच नाव आपोआप भरलं जात होतं.

वेगळं खातं काढलं. सात मिनिटं लागली. सर्व्हर उठला. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. मी जिन्यात जाऊन रडलो.

सोमवार, २२ सप्टेंबर

त्याच्या नावावर आणखी काय काय चालतंय ते बघायला त्याचं लॉगिन तासाभरापुरतं उघडलं. मेलमध्ये चार मसुदे. चारही मला लिहिलेले. रजेचा अर्ज — छातीत दुखतंय, तपासून घ्यायचंय. एकही पाठवलेला नाही. पहिल्यात रजा १८ ऑगस्टपासून. मग २५ पासून. मग १ सप्टेंबर. शेवटच्यात ८. सर्व्हरचं काम लांबत गेलं तसा हा स्वतःला पुढे ढकलत गेला. सहा तारखेला गेला.

मूर्खा! मागायचीस तरी! मी काय खाल्लं असतं तुला?

तसं, महिनाभर येता-जाता "झालं का रे, झालं का रे" मीच करत होतो.

चारही कागद छापून घेतले. उद्या वहिनी त्याचं सामान न्यायला येणार आहेत. हे दाखवले की मी सुटलो.

मंगळवार, २३ सप्टेंबर

वहिनी आल्या. खुर्चीवरचा त्याचा स्वेटर उराशी धरून पुन्हा तेच विचारलं. कागद माझ्या खिशात होते. म्हणालो, "चार वेळा मागितली होती त्याने. मीच दिली नाही."