तापाला दिलेला ताण

दादा,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. अमरावतीच्या स्टँडवर मोर्शीच्या गाडीची वाट पाहत बसलेय आणि तुझ्यावर इतकी चिडलेय, की लिहिलं नाही तर इथेच कोणावर तरी ओरडेन. तुझी तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि आज सकाळी वहिनीचा फोन आला. तिला ताप भरलाय.

"औषध घेतलं का?" मी विचारलं.

"नाई ताई. पाणीबी बंद केलं मी. हे म्हणत होते ना, तापाले ताण देला का उतरते म्हणून."

ऐकतोयस? तू गेलास, तुझं शहाणपण मात्र घरात ठाण मांडून बसलंय! शेजाऱ्यांनी दवाखान्यात न्यायला गाडी काढली, तर ही बसायला तयार नाही.

संत्र्याच्या झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, पानं मलूल झाली की पुन्हा सोडायचं, मग बहार फुटतो. कबूल. पण तू झाड होतास का रे? न्यूमोनियाचा ताप अंगात, ओठ फुटलेले, आणि भेटायला येईल त्याला ऐटीत सांगत होतास, "माह्या बहिणीनं सांगतलं. कॉलेजात शिकवते ते. ताण देला का शरीर नवं होते."

मी असं सांगितलं होतं? पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांचा स्वतःचा इवलासा डीएनए असतो. तो झिजतो, तुटतो, आणि पेशी त्याची डागडुजी करत राहते. धडधाकट माणसानं एखादा उपास केला तर खराब झालेले मायटोकॉन्ड्रिया काढून टाकायला मदत होत असावी. इथवर ऐकलंस आणि उठलास! बैलांना चारा टाकायचा होता म्हणे.

पुढचं तुझ्याच कामाचं होतं. वय झालं की ही डागडुजी मंदावते, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्येसुद्धा. मोडका डीएनए पेशीतच सांडतो, अंग आतल्या आत उगाच धुमसत राहतं, आणि खरा जंतू येतो तेव्हा लढायला बळ उरत नाही. अशा माणसाला तापात पाणी हवं, औषध हवं, दवाखाना हवा. लस घे म्हणून किती मागे लागले होते तुझ्या! "मी कधी बिमार पडलो का?" एवढंच तुझं उत्तर.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, सांगू? तुला हे माहीत होतं. बांधाकडच्या जुन्या झाडांचं पाणी गड्यानं तोडलं, तेव्हा त्याच्यावर धावून गेला होतास. "म्हातारं झाड हाय ते! त्याले सोसते का ताण? मरून जाईन!" झाडाचं वय कळत होतं तुला. स्वतःचं नाही?

तेरवीला लोक तुझं कौतुक करत होते, औषधाला शिवला नाही म्हणून. एक जण माझ्याकडे बघून म्हणाला, "बहिणीनंच सांगतलं होतं म्हणे." स्वतःच्या मरणाला माझं नाव लावून गेलास. हे मी माफ करणार नाही.

गाडी लागली. वहिनीला उचलून दवाखान्यात आणते. तुझा शब्द मोडला म्हणून ती रडली, तर रडू दे. आणि गावासमोर सांगणार आहे, माझा भाऊ चुकला, हट्टानं चुकला. तिच्या पोटात पाणी गेलं की मग तुझ्यासाठी रडेन, दादा. त्याआधी एक टिपूस नाही.

तुझी धाकटी,
मंदा