लुक्स, हँडलिंग आणि वीस मिनिटं

२ फेब्रुवारी, सकाळ

रात्रभर झोपले नाही. कारण फुगी, माझी पोर. ती शांत झोपली होती ना, म्हणूनच. खोकत असती तर निदान कळलं असतं की श्वास चालू आहे. शांत झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसते. बोटाला मुंग्या आल्या, मग दुसरं बोट धरलं. याला घाबरणं म्हणत नाहीत. लक्ष ठेवणं म्हणतात.

लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल. गेल्या महिन्यात फुगीचा घसा आतून सुजला. दोन वर्षांची पोर आणि कुत्रं भुंकतं तशी खोकायला लागली. ओठ जांभळे झाले. अ‍ॅम्ब्युलन्स यायला पन्नास मिनिटं लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे परत होऊ शकतं. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "पुढच्या वेळी वीस मिनिटांत आणा."

हॉस्पिटल गाडीने अकरा मिनिटांवर आहे. येताना टॅक्सीत मी घड्याळ लावलं होतं.

आणि माझ्या दारात एक नाही, दोन गाड्या उभ्या आहेत. फक्त चालवणारं कोणी नाही. तर आजपासून मी शिकणार. ठरलं.

२ फेब्रुवारी, दुपार

आज गाड्या पुसल्या. शिकायच्या आधी स्वच्छता पाहिजे.

३ फेब्रुवारी

गाड्या दादाच्या. माझा मोठा भाऊ जुन्या इटालियन गाड्या घेतो, नीट करतो आणि विकतो. राहतो दोन तासांवर. त्याच्या शेडचं छत काढलंय म्हणून दोन गाड्या माझ्या पत्र्याखाली आणून लावल्या. म्हणाला, यातली एक तुला. वीस तारखेला गिऱ्हाईक येऊन दुसरी नेणार. कुठली ठेवायची ते तू ठरव. दोन्हीचे लुक्स बघ, हँडलिंग बघ आणि लिहून काढ. ही वही त्यानेच दिली. अर्ध्या वहीत गाड्यांचं लिहीन, अर्ध्या वहीत माझं. माझं कोणी वाचायचं नाही.

शिक्षण सातवी. पण डोळे आहेत मला.

लुक्स. एक फियाट, अकराशे नंबरची. गोल. गाल फुगवून बसल्यासारखी, आमच्या फुगीसारखीच. पुढची दारं कपाटासारखी उलटी उघडतात, बिजागरी मागे. आत बसायला छान, पोर कडेवर घेऊनसुद्धा सरळ बसता येतं. दुसरी आल्फा. तिचं नाव जूलिया. गाडीला बाईचं नाव. चौकोनी अंग, पुढे चार गोल दिवे. चार डोळे उघडे टाकून रात्रभर जागी असल्यासारखी दिसते. तिच्याकडे बघून मला बरं वाटत नाही. आरशासमोर उभी असल्यासारखं होतं.

लुक्समध्ये फियाट पहिली.

४ फेब्रुवारी

हँडलिंग तपासलं. दोन तास लागले.

फियाट: दाराची हँडल चार, चारही घट्ट. काच खालीवर करायची हँडल गुळगुळीत, हाताला गार लागतात. जूलिया: हँडल बारीक, पण चकचकीत. आतलं हँडल ओढायला फुगीला जमत नाही, हे चांगलं. हँडब्रेक दोन्हीला आहे. एकूण हँडलिंगमध्ये बरोबरी.

सगळं दादाला फोनवर वाचून दाखवलं. मागे त्याचा पेंटर हसत होता ते ऐकू आलं. मग दादा म्हणाला, "अगं बाई, हँडलिंग म्हणजे हँडल नाही. वळणावर गाडी तुझं ऐकते का, ते."

मी म्हटलं ते मला माहीत होतं, हँडल वेगळी मोजली.

आता पंचाईत अशी की वळणावर ऐकते का हे बघायला वळणापर्यंत जावं लागणार. म्हणजे चालवावी लागणार. आणि माझं ऐकणारं या घरात आजवर कोणी निघालेलं नाही. गाडी तर लोखंडाची.

५ फेब्रुवारी

चाळीस मिनिटं गाडी चालवली. इंजिन बंद ठेवून. एकदाही अपघात नाही. फुगी शेजारी बसून तोंडाने घुर्र करत होती. तिचा आवाज मध्येच थांबला की मी ब्रेक दाबायची आणि तिच्याकडे बघायची. ती नुसतीच दमलेली असायची.

उद्या इंजिन चालू करणार. नक्की.

६ फेब्रुवारी

इंजिन चालू केलं नाही. फुगीला थोडी सर्दी वाटली. नव्हती. पण असती तर?

७ फेब्रुवारी

शेजारचे बसवाले काका शिकवायला तयार झाले. एकतीस वर्षं बस चालवली, आता रिटायर्ड. म्हणाले एकतीस वर्षांत मी कोणाला ठोकलं नाही, आता तुझ्याबरोबर बसून नशीब बघतो. काकूंनी फुगीला सांभाळलं.

आधी फियाट. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आहे आणि पलीकडे वळायच्या दिव्याचा दांडा. मी डावीकडे वळायचं म्हणून दिवा दाखवला आणि गाडी कण्हली. दिवा नव्हता तो, गिअर होता. काका म्हणाले गिअर टाकून कोणी सिग्नल देत नाही. मी म्हटलं सवय होईल.

मग घराच्या मागच्या मैदानात गेलो. फियाटचं स्टिअरिंग परातीएवढं. वळवलं की गाडी आधी एका अंगावर कलते, विचार करते, मग वळते. म्हातारं माणूस खुर्चीतून उठतं तशी. मला आवडलं. विचार करून वळणारी गाडी बरी.

चार फेऱ्या मारल्या. जळका वास आला. मी म्हटलं जुनी गाडी आहे, वास यायचाच. काकांनी खाली हात घालून हँडब्रेक सोडला. चारही फेऱ्या मी तो ओढूनच मारल्या होत्या.

एकूण प्रगती चांगली.

८ फेब्रुवारी

ह्यांचा फोन. हे लांबच्या प्लांटवर असतात, महिन्यातून दोनदा घरी. म्हणाले मला फुगीची काळजी वाटते, पंधरा दिवस रजा टाकतो आणि घरी राहतो. मी काय बोलून बसले कोण जाणे. म्हटलं रजा कशाला, मी गाडी चालवते आता, कालच बाजारात जाऊन आले. हे मग म्हणाले, "तू? सायकलवरून उतरताना पडतेस तू." मला राग आला. म्हटलं दोन्ही गाड्या चालवते, एकाआड एक दिवस.

ह्यांनी रजा रद्द केली.

बाजारात मी गेले होते हे खरं आहे. चालत गेले होते.

९ फेब्रुवारी

झोप नाही. फुगी घोरत होती. घोरणं चांगलं की वाईट, कोणाला विचारू?

१० फेब्रुवारी

आज जूलिया. तिच्या घड्याळांवर इटालियन लिहिलंय. दादाने फोनवर सांगितलं, एक तेल, एक पाणी, एक पेट्रोल. मी खडूने मराठीत लिहून टाकलं.

हिचा गिअर खाली आहे, जमिनीतून वर आलेला. आणि ही विचार करत नाही. पाय लावला की निघाली. स्टिअरिंगला नुसता हात लावायचा अवकाश, नाक वळलेलं. कलत नाही, कण्हत नाही. मैदानाच्या कोपऱ्यावर मी डोळे मिटले तरी ती वळली. काका म्हणाले डोळे उघडे ठेवायची पद्धत आहे.

उतरले. काका म्हणाले ही गाडी फार चांगली आहे, चालवणाऱ्याच्या मनातलं ओळखते. तेच तर नको आहे मला. माझ्या मनात काय असतं ते मला माहीत आहे.

हँडलिंग: जूलिया नको. फियाट ठेवायची. दादाला कळवते.

१२ फेब्रुवारी

दादाला कळवलं नाही. आधी रस्त्यावर जाऊन खात्री करीन म्हटलं. रस्ता उद्या.

१३ फेब्रुवारी

रस्ता आठ दिवसांनी. काकांच्या मुलीला बाळ झालं, काका काकू आठ दिवस तिकडे निघाले. जाताना म्हणाले मी येईपर्यंत गाडी पत्र्याबाहेर काढू नकोस. मी म्हटलं छे, मी कशाला काढते.

जाताना काकांनी फियाट आतल्या बाजूला लावली आणि जूलिया पुढे, रस्त्याकडे नाक करून. ह्यांना फोनवर म्हटलं की आता मी एकटीच चालवते. ते म्हणाले शाबास.

१४ फेब्रुवारी

मी घाबरत नाही हे परत एकदा लिहून ठेवते. अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर भिंतीवर, फ्रिजवर आणि बाथरूमच्या दारावर लिहिला. वाफेचं भांडं तयार. फुगीची पिशवी भरली, त्यात ही वही टाकली. पिशवी दाराशी. झोपताना चप्पल घालूनच झोपते. यात घाबरण्याचं काय आहे, सोय म्हणतात याला.

१५ फेब्रुवारी

फुगीचं नाक गळतंय. आवाज बसलाय. खेळतेय मात्र.

दिवसभर तिच्यामागे फिरले. ती पळाली की मी पळते. संध्याकाळपर्यंत ती वैतागली, मला ढकलून म्हणाली जा.

१६ फेब्रुवारी, दुपार, हॉस्पिटल, दुसरा मजला

फुगी माझ्या मांडीवर आहे. तोंडावर वाफेचा मास्क. एका हाताने लिहितेय, दुसऱ्या हाताचं बोट तिच्या मुठीत. जरा हलले की रडते, आणि रडली की परत श्वास अडकतो. म्हणून हलता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या वेळेत आणलंत. ओठ आता गुलाबी आहेत. चारदा बघितलं.

झालं असं. जेवताना भुंकली. एकदा, मग सारखीच. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला तर म्हणाले चाळीस मिनिटं. मी फोन कट्ट्यावर ठेवला तो तिथेच राहिला. फियाट आत अडकलेली. जूलिया पुढे. पुढची मला नको असलेली.

पिशवी खांद्याला अडकवली, फुगीला मागे बांधलं, ओढणीने. किल्ली फिरवली. गाडी निघाली.

पहिला गिअर आणि दुसरा. तिसरा आहे असं ऐकून आहे. सगळ्या रस्त्यावर एक हात हॉर्नवर. सिग्नल लाल होता की हिरवा, मला विचारू नका. फुगी मागे भुंकत होती, आणि ती भुंकते आहे तोवर मी गाडी चालवत होते. पुलाजवळ ती गप्प झाली. मी मागे वळून बघितलं. गाडी चालू असताना. परत पुढे बघितलं तर समोर वळण आणि वळणावर दुधाचा टेम्पो. मी ओरडले नाही, माझ्याकडून नुसता हात हलला, आणि जूलिया टेम्पोच्या कडेने अशी निघून गेली की मलाच कळलं नाही. फुगी परत भुंकली. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

एकोणीस मिनिटं. अकरा नाही. पण एकोणीस.

दादा, तुझ्यासाठी लिहिते. जूलिया ऐकते.

आता अडचण. घाबरून नाही, नुसतं कळवते. मी गाडी सरळ हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये घातली. समोर अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती, तिच्या नाकाला नाक लावून थांबले. फुगीला सीटवरून पुढे ओढून उचललं, पायाने दार लोटलं आणि पळाले. दार लोटायच्या आधी त्याचा खटका दाबलेला होता, बाकीच्या दारांचे मी निघतानाच दाबले होते. चारही दारं बंद आहेत. किल्ली आत आहे. इंजिन चालू आहे. इथून खिडकीतून आवाज येतोय, छान एकसारखा.

अ‍ॅम्ब्युलन्स बाहेर काढता येत नाही. तिचा ड्रायव्हर खाली ओरडतोय. वॉचमन गाडीला ढकलून बघतोय, पण या वेळी हँडब्रेक मी आठवणीने ओढलाय. मागे कशी घ्यायची ते मला येत नाही, काकांनी मला फक्त पुढे जायला शिकवलं. आणि आलं असतं तरी मी इथून हलू शकत नाही.

हे पान फाडून आयाबाईंच्या हातात देते. त्या वाचू शकत नाहीत, पण गाडीच्या वायपरखाली खोचतील म्हणाल्या.

जो कोणी वाचेल त्याला. काच फोडू नका, भावाची गाडी आहे. दुसरी किल्ली त्याच्याकडे आहे. तो दोन तासांवर राहतो, लवकर निघ म्हणावं. माझा फोन घरी आहे आणि त्याचा नंबर मला पाठ नाही. गाडीच्या मागच्या काचेवर बघा, पांढऱ्या रंगात "विकणे आहे" असं लिहिलंय, त्याच्याच खाली नंबर आहे. फुगी बरी आहे हे आधी सांगा, मग गाडीचं. गाडी विकायची नाही, फक्त मागे घ्यायची आहे. कृपा करून माझ्या भावाला फोन करा.