चालू मशिनवर काढलेला डबा

आदरणीय व्याहीबुवा जस्टिनराव यांना काष्टीहून शांतवनचा मनापासून सलाम. तुम्ही, विहीणबाई, आमची जास्मिन आणि तिची नवी पाहुणी देवाच्या कृपेने ठणठणीत असालच. (पाहुणी आजोबांवर गेली आहे असं ऐकतो. मोठी होईल तशी सुधारेल.) फोन सोडून पत्र का, म्हणाल, तर तुमच्याकडे फोन कुणाचाही लावा, उचलते मरियाच. आणि मला जे बोलायचं आहे ते स्वतःच्या बायकोशी बोलण्यासारखं नाही.

आमच्या डेअरीत दुधाच्या पिशव्या भरायचं नवं मशिन आलं. वजन बघणारा, तारीख छापणारा, पिशवीचं तोंड बंद करणारा असा प्रत्येक कामाचा एकेक डबा, आणि सगळे डबे वायरींनी एकमेकांना जोडलेले. बसवायला आलेल्या स्नेहल मॅडमनी चालू मशिनवर वजनाचा डबा काढून दाखवला, परत लावून दाखवला. मशिनला पत्ताच नाही! मी मेन्टेनन्सचा माणूस, त्यामुळे हरखलोच. त्याच भरात, मरिया जास्मिनच्या बाळंतपणासाठी तुमच्याकडे निघाली तेव्हा, स्टँडवर सगळ्यांसमोर म्हणालो की खुशाल राहा, आपलं घर या मशिनसारखं आहे, चालू असताना एक डबा काढला तरी काही अडत नाही. ती तडक एसटीत चढली. खिडकीत जाऊन बसली. आता ती नाताळपर्यंत तिकडेच राहणार असं कळतं.

इकडे खंडेनवमी आली. जे डबे चालू मशिनवर काढता येतात त्यांना मॅडमनी हिरवी चिठ्ठी लावली होती, बाकीच्यांना लाल. आमचा ऑपरेटर कानिफनाथ याने मशिनची पूजा केली. (दूध काही सुट्टी घेत नाही, म्हणून पूजाही चालू मशिनची.) प्रत्येक डब्याला हळद-कुंकू आणि झेंडूची माळ. कुंकवात हिरव्या चिठ्ठ्याही लाल झाल्या. नेमकं तेव्हाच वजन चुकायला लागलं. मी ऐटीत पुढे झालो. सगळे बघत असताना माळा सरकवून डबा शोधणं कमीपणाचं वाटलं, म्हणून अंदाजाने एक वायर उपसली. ती पिशवीचं तोंड बंद करणाऱ्या डब्याची निघाली. भोंगा वाजला, मशिन जागच्या जागी थांबलं आणि तोंड उघडं राहिलेली पिशवी कानिफनाथच्या नव्या शर्टावर आली. "मामा, पूजेला दूध लागतं, पन एवढं न्हाई लागत!" तो म्हणाला. वायर घाईने परत खोचली तरी मशिन ढिम्म. फोनवर मॅडम म्हणाल्या, "काका, कुठल्या डब्यावाचून भागेल ते मशिनला आधीच सांगून ठेवलेलं असतं. हा त्यातला नाही. आता सगळं बंद करून पहिल्यापासून सुरू करा."

हा किस्सा घरी सांगायचा म्हणून मी वाटेतच एकटा हसत होतो. कुलूप काढताना लक्षात आलं, सांगायचा कुणाला? मग तसाच ओट्यावर बसून राहिलो. रविवारी देवळात आमच्याकडे बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. मरियाच्या जागेवर सध्या छबूबाई बसतात. उपदेश चालू असताना माझी नजर सवयीने तिकडे जाते, आणि हल्ली छबूबाई डोळे वटारतात. मला करमत नाही, व्याहीबुवा. मुळीच करमत नाही.

असो. मरियाला पाठवायची अजिबात घाई नाही. लेकीला आईचा आधार हवाच. नातीला गोड पापा.

आपला,
शांतवन

ता. क. विहीणबाईंना बाळाची अंघोळ, शेक-शेगडी सगळं उत्तम जमतं असं ऐकून आहे. सहज लिहिलं.

ता. क. घाई नाही, हे वर रीत म्हणून लिहिलं आहे.

आणखी एक. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून पत्रं मरियाच सगळ्यांना वाचून दाखवते, असं जास्मिन म्हणाली. तेव्हा मरिया, आवाज खाली आणू नकोस, सगळ्यांना ऐकू दे. तुझ्यावाचून माझं अडतं. उत्तर लिहीत बसू नकोस. निघ.